आधी बाटली बघा, मग नोटीस

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. चार पानी आहे, थोडक्यात देते.

"आम्ही दोघी जावा आणि सासूबाई मिळून घरी अमृत कोकम (साखरेच्या पाकातलं कोकम सरबत), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), फणसपोळी करतो. अकरा वर्षं झाली. मे महिन्यात ठाण्याच्या एका बाईंनी आमच्या स्टॉलवरून अमृत कोकमच्या सहा बाटल्या नेल्या. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी फेसबुकवर फोटो टाकले: फुटलेली बाटली, आमचं लेबल, मुलीचा पट्टी बांधलेला हात. खाली लिहिलं, 'ओट्यावर ठेवलेली बाटली आपोआप फुटली. बारा वर्षांच्या मुलीच्या हाताला पाच टाके पडले. तीनदा फोन केला, कोणी उचलला नाही. हे लोक केमिकल घालून विष विकतात. कोणीही यांचा माल घेऊ नका.' फोन आले होते हे खरं, पण नंबर अनोळखी आणि आमच्याकडे लग्नघाई. आता कुडाळ-मालवणच्या दुकानदारांनी माल परत पाठवलाय. सासूबाई धड जेवत नाहीत. म्हणतात, 'अकरा वर्सांचा नाव एका दिवसात घालवल्यान.' पुतण्याला राहवलं नाही. त्यानं त्या पोस्टखाली लिहिलं की ही बाई खोटारडी आहे, पैसे उकळायला नाटक करते. ओळखीचे वकील म्हणतात, 25 लाखांची अब्रुनुकसानीची नोटीस देऊ, पोलिसांतही जाऊ. आम्ही केमिकलचा थेंब घालत नाही. मुंबईकडची गिऱ्हाइकं 'कमी गोड द्या' म्हणतात म्हणून यंदा किलो सालीला दोन किलोऐवजी दीड किलो साखर घातली, एवढाच काय तो बदल. बाटल्यासुद्धा नव्या, घट्ट झाकणाच्या घेतल्या. नोटीस पाठवू ना?"

ताई, नोटीस पाठवू नका. निदान आत्ता नको. तुमचं दुःख मला कळतं. आपल्या भागात नाव म्हणजे काय ते मी रोज कोर्टाच्या आवारात बघते. माणसं जमिनीचा वाद वीस वर्षं सोसतात, पण बोलण्याचा वार आठवडाभर सोसत नाहीत. तरी तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य वाचलं आणि मी थांबले. दोन किलोऐवजी दीड किलो.

मी सात-आठ वर्षांची असेन. त्या वर्षी मिरगाआधीच पाऊस लागला आणि आजीच्या अमृत कोकमच्या बरण्यांना पुरेसं ऊन मिळालं नाही. तिनं तसाच रस गाळून, बुचं घट्ट ठोकून बाटल्या माळ्यावर ठेवल्या. एका रात्री बार उडावा तसा आवाज झाला. कंदील घेऊन वर गेलो तर एक बाटली फुटली होती आणि चुन्याच्या भिंतीवर लाल शिंतोडे उडाले होते. सकाळपर्यंत ते जांभळट-निळे पडले. काचा खालच्या भाताच्या कणगीत गेल्या होत्या. आजीनं अख्खी कणगी दोन दिवस बसून निवडली. उरलेल्या बाटल्यांची बुचं तिनं अंगणात नेऊन, तोंडावर फडकं धरून उघडली. प्रत्येकीतून फस्स आवाज आला. तिनं त्यात केमिकल घातलं नव्हतं, ताई. बाटली फुटायला केमिकल लागतच नाही.

पाकात साखर भरपूर असली की बहुतेक यीस्ट (आंबवणारी सूक्ष्म बुरशी) वाढू शकत नाही. साखर कमी पडली की ते कामाला लागतं, साखर खातं, वायू सोडतं. झाकण सैल असेल तर वायू निघून जातो. तुम्ही यंदा झाकणंही घट्ट घेतलीत. फळांच्या सरबतात विद्राव्य घटक (विरघळलेले पदार्थ, मुख्यतः साखर) 65 टक्क्यांहून कमी नसावेत असं आपलं अन्न मानक सांगतं. ते काही सरकारी हौसेपोटी लिहिलेलं नाही. तुमच्या सासूबाईंचा दोन किलोंचा अंदाज त्याच अनुभवातून आलेला असणार.

बाटली याच कारणानं फुटली असं मी इथं बसून ठरवत नाही. काचच हलकी असेल, ठाण्यात ती गॅसच्या शेजारी तापली असेल. पण कोर्टात तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारला जाईल. उत्तर तुमच्या हातात असल्याशिवाय नोटीस पाठवणं म्हणजे स्वतः दार उघडून उलटतपासणीला आत बोलावणं.

आता त्या बाईंनी लिहिलेलं एकेक वाक्य घेऊ. बाटली फुटली, टाके पडले, तीनदा फोन केला, कोणी उचलला नाही. यातलं फोनचं खरं असल्याचं तुम्हीच मला लिहिलंय, आणि बाकीचं खोटं आहे असं तुमच्या पत्रात कुठेही नाही. दिवाणी दाव्यात खरेपणा हा पुरता बचाव असतो. फौजदारीत भारतीय न्याय संहितेचं कलम 356 लागू होतं. त्यात पहिलाच अपवाद खऱ्या आणि लोकहिताच्या विधानाचा आहे. "कोणीही माल घेऊ नका" हा इशारा आहे, आणि दुसऱ्याच्या भल्यासाठी सद्‌भावनेनं दिलेल्या इशाऱ्यालाही त्याच कलमात अपवाद आहे. पोरीचा हात कापलेला पाहून आईनं शेजारणीला सावध केलं, यात कुठलाही न्यायाधीश दुष्टावा शोधणार नाही.

राहिलं एक वाक्य: केमिकल घालून विष विकतात. इथं तुमची बाजू आहे. माल वाईट निघाला असं म्हणणं हा मालावरचा शेरा. माणसं जाणूनबुजून विष विकतात असं म्हणणं हा माणसांवरचा आरोप, आणि तो खोटा असेल तर अब्रुनुकसानी होते. या एका वाक्यावर तुम्हाला दाद मागता येईल. मात्र त्याआधी मला एक गोष्ट खरी खरी सांगा: कधी कोणाच्या सांगण्यावरून सोडियम बेन्झोएट (माल टिकवायची पावडर, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह) चिमूटभर घातलंय का? ते परवानगीच्या मर्यादेत चालतं, तो गुन्हा नाही. पण लेबलवर "प्रिझर्व्हेटिव्ह नाही" छापलं असेल आणि आत ते सापडलं, तर त्या बाईंचं वाक्य निम्मं खरं ठरेल आणि तुमचं लेबल पूर्ण खोटं.

पोलिसांचं म्हणाल तर अब्रुनुकसानी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस थेट एफआयआर घेणार नाहीत, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करावी लागते. आता नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) दखल घेण्याआधी समोरच्याचं म्हणणं ऐकलं जातं. म्हणजे पहिल्याच तारखेला मुलीच्या हाताचा फोटो न्यायाधीशांच्या टेबलावर येईल. दिवाणी दाव्याला पोस्ट प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाची मुदत असते, तेव्हा घाई करायचं कारण नाही. तारीख मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या पोस्टचा स्क्रीनशॉट लिंक आणि तारखेसह ज्या फोनवर घ्याल तो फोन सांभाळा. पुढे लागलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र त्याच फोनवरून द्यावं लागेल. पंचवीस लाखांचा आकडा लिहिणं सोपं असतं, पण दावा लावताना मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी आधी भरावी लागते.

आणि पुतण्या. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात सरळसोट अब्रुनुकसानी कुणी केली असेल तर ती त्यानं. ज्या आईच्या हातात टाक्यांची केसपेपर आहे तिला त्यानं चारचौघांत खोटारडी म्हटलं, पैसे उकळणारी म्हटलं. हे वाक्य खरं असल्याचं तो कशाच्या जोरावर सिद्ध करणार? तुमच्या नोटिशीला त्यांच्या वकिलाचं उत्तर येईल त्यात पहिला मुद्दा हाच असेल. आज रात्री जेवायच्या आधी त्याला ती कॉमेंट काढायला सांगा. काढण्यापूर्वी स्क्रीनशॉट ठेवा, आणि "रागाच्या भरात लिहिलं, माफ करा" एवढी एक ओळ त्यानं त्याच जागी लिहावी. त्याच्यावर ओरडू नका. घरच्या बायकांसाठी तो लढायला गेला, त्याची जागा चुकली.

आता मूळ मुद्दा. तो तुम्ही विचारलाच नाहीत म्हणून जास्त लिहिते. तुम्ही स्वतःकडे बदनाम झालेल्या म्हणून बघताय. कायद्याच्या नजरेत तुम्ही त्याआधी उत्पादक आहात. घरच्या पडवीत तीन बायकांनी मिळून बनवलेला माल असला तरी उत्पादकच.

अमेरिकेत 1944 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी अशीच एक बाटली गेली होती. ग्लॅडिस एस्कोला नावाची हॉटेलातली वाढपी थंडपेयाच्या बाटल्या फ्रीजमध्ये लावत होती. तीन लावून झाल्या, चौथी हातातच फुटली. तळव्याच्या नसा, शिरा, स्नायू कापले गेले. कारखान्यात नेमकं काय चुकलं हे तिला दाखवता येत नव्हतं. कसं दाखवणार? ती तिथं नव्हतीच. तरी न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला. न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी पुढे जाऊन वेगळं मत लिहिलं. बनवणाऱ्याचा हलगर्जीपणा शोधत बसू नये, सदोष माल बाजारात सोडला आणि त्यानं माणसाला इजा झाली की जबाबदारी त्याचीच, असा त्याचा आशय. तेव्हा ते एकट्याचं मत होतं. 1963 साली त्याच न्यायालयानं ते स्वीकारलं.

आपल्याकडे हा विचार ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये लिखित स्वरूपात आला. जुलै 2020 पासून तो लागू आहे आणि त्यात उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे, कलम 82 ते 87. कलम 84 तुम्ही कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. बनवण्यात दोष असेल, रचनेत दोष असेल, कसं वापरायचं आणि कशापासून जपायचं याची पुरेशी सूचना दिली नसेल, तर उत्पादक जबाबदार. आपण निष्काळजी नव्हतो असं सिद्ध केलं तरी दोष असलेल्या मालाची जबाबदारी टळत नाही. "आम्ही अकरा वर्षं मनापासून करतो" हे खरं असेल, मला शंका नाही. पण या कलमापुढे ते उत्तर होत नाही.

बाटली आईनं घेतली, लागलं मुलीला, म्हणूनही सुटका नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही ग्राहकच धरला जातो. त्या बाई स्वतः राहतात तिथल्या, म्हणजे ठाण्याच्या, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतात. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असली की तक्रारीला फी नाही. वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची. तुमच्या 25 लाखांच्या नोटिशीनं चिडून त्यांनी हे केलं, तर कोकण रेल्वेची तिकिटं तुम्ही काढाल, त्या नाही.

तुमच्याकडे बचाव नाही असं नाही. वस्तूचा गैरवापर झाला असेल तर कलम 87 खाली विक्रेत्याला सूट मिळते, आणि स्टॉलवर विकणाऱ्या तुम्ही विक्रेत्याही आहात. धोका सगळ्यांना ठाऊक असण्याजोगा असेल, तर सूचना न दिल्याबद्दल उत्पादकाला सूट मिळते. पण अमृत कोकमची बाटली फुटू शकते हे आपल्याकडच्या म्हातारीला माहीत असतं. ठाण्यात नवव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला ते कुठून माहीत असणार? तुमचं लेबल मी फोटोत पाहिलं. नाव आहे, वजन आहे, "अस्सल कोकणी चव" आहे. थंड जागी ठेवा, उन्हापासून आणि शेगडीपासून दूर ठेवा, फेस दिसला तर वापरू नका, यातलं काही नाही. बॅच नंबरही दिसला नाही. नव्या बाटल्यांचं बिल शोधून ठेवा. काचेत दोष निघाला तर बाटल्या बनवणाराही त्या प्रमाणात उत्तरदायी ठरतो. मुलीपुढे मात्र तुमचंच लेबल आहे.

तेव्हा उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे यंदाच्या कमी साखरेच्या सगळ्या बाटल्या एका जागी आणा. पाच-सहा बाटल्या अंगणात, टॉवेलात गुंडाळून, तोंड दुसरीकडे करून उघडा. डोळ्यांवर चष्मा असू दे. मुलांना आत ठेवा. बाकीच्या उघडू नका, दोन बाटल्या तशाच बंद, टोपलीत भुसा घालून, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवायला वेगळ्या काढा. काय तपासून हवं ते लेखी द्या: विद्राव्य घटक, यीस्ट, प्रिझर्व्हेटिव्ह, आणि विषारी काही आहे का. तुमच्याच तालुक्यात, वेंगुर्ल्यात, प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे, पाकाचं गणित तिथल्या माणसांना विचारा. अहवाल कसाही येवो, तो तुम्हाला लागणार आहे.

दुकानदारांनी माल परत केला म्हणून त्यांच्यावर रागावू नका. माहिती असून धोकादायक माल विकत राहिले तर उद्या तेही अडकतील. उलट ज्यांनी अजून परत केला नाही त्यांना तुम्हीच फोन करा आणि चिठ्ठी द्या की यंदाचा अमृत कोकमचा माल आम्ही परत घेतोय, आगळ आणि फणसपोळीला काही नाही. आपण होऊन माल मागे घेणारा माणूस बाजारात लोकांच्या लक्षात राहतो. अकरा वर्षांच्या नावाला यानं धक्का लागत नाही. लपवलेली दुसरी बाटली पुण्यात कुणाच्या तरी घरी फुटली तर लागेल.

आणि ठाण्याला फोन करायचा. वकिलानं नाही, जावेनं नाही, तुम्ही. पोस्ट काढा असं त्या फोनवर म्हणू नका. शब्दही काढू नका. मुलीची विचारपूस करा, फोन उचलला नाही त्याबद्दल मनापासून माफी मागा, उरलेल्या पाच बाटल्या कुठे आहेत ते विचारा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, ताई. त्या बाटल्या त्यांच्या घरात अजून असतील, कदाचित कपाटात, कदाचित कुणाला भेट दिलेल्या. त्या कशा जपून उघडायच्या किंवा कुठे ठेवायच्या ते सांगा. फुटलेली बाटली आणि झाकण टाकलं नसेल तर जपून ठेवायला सांगा, तपासणीला दोघांनाही लागेल.

माफी मागितली म्हणजे गुन्हा कबूल केला, अशी भीती तुमचे वकील घालतील. विचारपूस म्हणजे कबुली नव्हे. औषधोपचाराचा खर्च द्यायचा ठरला, आणि माझ्या मते द्यावा, तर तो साध्या पत्रासह द्या. पत्रात लिहा की दोन्ही बाजूंच्या हक्कांना बाधा न आणता ही मदत देत आहोत. पावती घ्या. "आता तक्रार करणार नाही" असं लिहून मागू नका. अजून जखम भरायची आहे, अशा वेळी मागितलेली सही पुढे तुमच्याच अंगावर येते.

प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि त्यात विषारी काही नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही असं निघालं, तर त्याची प्रत त्या बाईंना पाठवा आणि फक्त त्या एका वाक्याबद्दल लिहा. बाटली आमच्या चुकीनं फुटली असेल, ते तुम्ही लिहिलंत ते राहू द्या, विष हा शब्द तेवढा मागे घ्या. मी अशी पत्रं लिहिली आहेत. आई शांत झालेली असली आणि पत्रात धमकी नसली तर बहुतेक जणी ते वाक्य बदलतात, कधी आपण होऊन अहवालाचा फोटोही टाकतात. नाही बदललं तर नोटिशीचा मसुदा मी स्वतः करून देईन, आणि तो त्या एका वाक्यापुरताच असेल.

फोन करताना आधी कोणता हात ते विचारा. शाळा सुरू झाली आहे. उजवा असेल तर पोरगी लिहीत कशी असेल, हे तुम्हालाच तिच्या आईला विचारावंसं वाटेल. अहवाल आला की मला कळवा, बाटल्यांच्या बिलाची प्रतही सोबत जोडा.